घोड्यावरचे महाराज आणि ओतणारे हात

जबलपुरात नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली संपला. मराठी माणूस मात्र इथे राहिला, पुढे नोकरीधंद्यासाठी येतही राहिला आणि त्याच्याबरोबर शिवाजी महाराजही आले. आमच्या बैठकीतल्या कपाटावर ते घोड्यावर बसलेले आहेत. मूर्ती जेमतेम वीतभर, पण उचलताना मनगटाला तिचं वजन कळतं.

ती ब्राँझची आहे, म्हणजे तांबं आणि कथील यांची. अशी मूर्ती घडते ती मेणातून. मेणाच्या नमुन्यावर मातीचं आवरण चढवतात, ते तापवतात, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. घोड्याची मूर्ती त्यातही अवघड. घोडा आणि स्वार या दोघांचा सगळा भार चार बारीक पायांवर, आणि एक पाय उचललेला असला तर तिघांवरच!

हेच काम अवाढव्य आकारात केलं ते शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकरांनी. ते अलिबागजवळच्या सासवण्याचे. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी या स्मारकाचा ध्यास घेतला. १९२१ साली कोनशिला बसली, पण १९२२ साली शाहू महाराज गेले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी काम तडीस नेलं. साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा मुंबईत माझगावला ओतला गेला आणि १६ जून १९२८ रोजी पुण्यात त्याचं अनावरण झालं. तेव्हा करमरकर चाळिशीच्याही आत होते. त्यांच्या सासवण्याच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अलिबागला गेलात तर तिथे जरूर जा.

आता एक कळकळीची विनंती. सणावाराला ब्राँझची मूर्ती चिंचेने घासू नका. तिच्यावरची तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षांत धातूवर चढलेला तो थर आहे, आणि तो धातूला जपतो. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ टिपली की पुरे. मग मूर्ती उलटी करून तिच्या तळाशी पाहा. शिल्पकाराचं नाव किंवा साल कोरलेलं असेल, तर ते वहीत लिहून ठेवा आणि मुलांना वाचून दाखवा. महाराजांचं नाव आपण विसरणार नाही. त्यांना धातूत उभं करणाऱ्याचं नावही आपल्या घरात राहायला हवं.