पाण्याचा कागद कोण वाचणार?

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यास-सहलीत शिरपामाळ, ता. जव्हार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत तो माळ इतिहासात नोंदलेला आहे. १६६४ साली सुरतेकडे जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला, आणि त्यावरून या माळाला शिरपामाळ नाव पडले, असे सांगतात. सहलीला येणारा प्रत्येकजण ही हकीकत ऐकून जातो. मला मात्र आज समोर दिसणाऱ्या डोंगरांविषयी आणि त्यांवरून वाहून जाणाऱ्या पाण्याविषयी बोलायचे आहे.

मी वकील नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. तेव्हा "पाणी आणि कायदा" या विषयावर मी का बोलावे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एका चुकीत आहे. ती चूक माझीच आहे.

नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली होती. मार्चअखेरचे दिवस, काउंटरपुढे रांग. एका पाड्यावरचे वयस्क गृहस्थ पैसे काढायला आले. अंगठा उठवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "भाऊ, एवढं वाचून सांग ना, काय लिवलंय." मी वरवर पाहिले. कुठल्याशा नळवाहिनीसाठी जमीन घेण्याची ती सूचना होती. मी म्हणालो, "बाबा, आज गर्दी आहे, उद्या या." गाडीभाडे खर्चून रोज जव्हारला येणे त्यांना कुठले परवडणार? ते आठवड्याने आले. त्या दिवशी मी कागद नीट वाचला. हरकत घेण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. मी पहिल्या दिवशी दोन मिनिटे दिली असती तर त्यांना आपले म्हणणे मांडता आले असते. ते मान्य झाले असतेच असे नाही, पण निदान ऐकले गेले असते. बाबा मला काहीच बोलले नाहीत. "बरं भाऊ" म्हणून निघून गेले. ते "बरं भाऊ" मला अजून ऐकू येते.

त्यानंतर मी असे कागद वाचू लागलो. बँकेत आम्हांला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात, की चेकवर रक्कम कितीही मोठी असो, आधी तारीख आणि सही पाहा. पाण्याच्या आणि पर्यावरणाच्या कायद्यातही पुष्कळसे तारखेवर आणि सहीवरच अवलंबून असते, हे मला हळूहळू कळले.

मित्रहो, पाण्याच्या कायदेशीर लढ्याचे आपल्या सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे महाडचे चवदार तळे. २० मार्च १९२७ हा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. परंतु त्या दिवसाच्या आधी आणि नंतर किती कागद होते, याकडे आपले लक्ष जात नाही. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तळ्यावर आला नाही. म्हणून बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. पुढे नगरपालिकेने तोच ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी हजारो माणसे जमली होती, तरी न्यायालयाचा हुकूम आहे म्हणून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे तहकूब केले. लोकांना ते किती कठीण गेले असेल, याची कल्पना करा.

मग दावा चालला. तळे खाजगी की सार्वजनिक, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी खरोखर अनादी काळापासूनची आहे काय, हे मुद्दे होते. स्वतः बॅरिस्टर असलेले बाबासाहेब येथे प्रतिवादी होते. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादी वरच्या न्यायालयात गेले, तेथेही हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. रूढी सिद्ध झाली नाही आणि तळे नगरपालिकेचेच ठरले. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. ओंजळभर पाणी घ्यायला क्षण लागला, आणि त्या ओंजळीवर कायद्याचे शिक्कामोर्तब व्हायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत कोणीतरी प्रत्येक तारखेला हजर होते, हे विसरू नका.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याकडे येऊ. येथे पाऊस थोडा पडतो असे कोणी म्हणणार नाही. पण कातळ आणि उतार यांमुळे पाणी थांबत नाही, आणि होळी उलटली की पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात, टँकरची वाट पाहावी लागते. याच डोंगरांतले पाणी मुंबईला जाते. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, अशी मुंबईची तहान उत्तरेकडे सरकत आली. २०१४ साली मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण पुरे झाले. दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता. वाडा तालुक्यात गारगाई आणि आपल्या जव्हार तालुक्यात पिंजाळ, हे प्रकल्पही आखलेले आहेत.

मुंबईला पाणी देऊ नये, असे मी म्हणणार नाही. आपली भावंडे तिथल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत राहतात, नळाला पाणी नसले की हंडा त्यांनाही उचलावा लागतो. आणि स्वतः बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या पाणीयोजनांचा पाया घातला. ते धरणांच्या विरोधात नव्हते. माझा प्रश्न वेगळा आहे. धरण होण्यापूर्वी कोणाला विचारले जाते, आणि विचारले तर उत्तर देणारा कोणी गावात असतो काय?

कायद्यात "पूर्व" हा दोन अक्षरी शब्द फार मोलाचा आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर वापर करायचा तर केंद्राची पूर्वपरवानगी हवी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय हवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर अशा क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती सांगितली. विचारविनिमय आणि संमती यांत केवढे अंतर आहे, ते तुमच्या लक्षात येईल. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात.

हा "पूर्व" शब्द कसा कामी येतो, ते मुरबाड तालुक्यात दिसले. तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. तेथे काळू नदीवर मुंबई परिसराच्या पाणीपुरवठ्यासाठी धरणाचे काम सुरू झाले. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, आणि वनखात्याच्या कायद्याची परवानगी मिळालेली नव्हती. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि २०१२ साली न्यायालयाने काम थांबवले. २०१३ मध्ये प्रकल्पाला अटींवर तत्त्वतः मंजुरीची शिफारस झाली, तेव्हा लढा तेथे संपला असे नाही. पण परवानगीच्या आधी यंत्रे चालवता येत नाहीत, एवढे तरी सिद्ध झाले. ते सिद्ध करायला ग्रामसभांचे ठराव तारीखवार लिहिलेले होते, म्हणून वकिलाला उभे राहायला जागा मिळाली.

कायद्याला भोकेही आहेत, तीही ओळखली पाहिजेत. पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना धरणे मोजते ती विजेच्या मेगावॉटवर आणि सिंचनाच्या हेक्टरवर. केवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले धरण यांपैकी कुठल्याच मापात बसत नाही. म्हणजे गावे बुडाली तरी त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी टळू शकते. तसेच वनजमिनीच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राने २००९ साली पत्रक काढले होते. २०२२ च्या नियमांनी हा क्रम बदलला आणि वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. "पूर्व" चे "नंतर" झाले. असे बदल कोणी ढोल वाजवून सांगत नाही. राजपत्र वाचणाऱ्यालाच ते कळतात.

पण कायदा नुसता अडवण्यासाठी नसतो, मिळवण्यासाठीही असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. गावासाठी शाळा, दवाखाना, तळे, पिण्याच्या पाण्याची योजना, नळवाहिनी अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे पडत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. मंजुरी विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर होते, दिल्लीला जावे लागत नाही. "वनखाते परवानगी देत नाही, म्हणून पाड्यावर नळ नाही," असे कोणी सांगितले, तर आधी विचारा, ग्रामसभेने शिफारस केली होती काय? तिची तारीख कोणती?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे वकिलीकडे जातील त्यांना मी सांगेन की या शाखेत काळ्या कोटापेक्षा पायातल्या चपला जास्त झिजतात. नकाशा घेऊन झरा पाहावा लागतो, माहितीच्या अधिकारात अर्ज करून फाइल मिळवावी लागते, मुदतीत हरकत लिहावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात मंजुरीविरुद्ध अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येते, त्यानंतर दार बंद. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. आणि पैशाची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे आपल्यातल्या शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते.

जे वकील होणार नाहीत, ते शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, माझ्यासारखे कारकून होतील. त्यांच्यासाठीही काम आहे. संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे की महिन्यातून एक रविवार, बाजाराच्या वेळेला, आपल्यापैकी दोघांनी टेबल टाकून बसावे. ज्याच्या हातात न वाचलेला कागद असेल त्याला तो वाचून दाखवावा, शेवटची तारीख वहीत लिहून घ्यावी आणि अर्ज करायला मदत करावी. याला वर्गणी लागत नाही. पहिल्या रविवारी मी स्वतः बसेन.

ते बाबा आता नाहीत. त्यांचा नातू बारावीला आहे आणि आज तो या मुलांत बसला आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही, त्याला संकोच वाटेल. कायदा शिकावा की नाही, असे त्याने मला मागच्या महिन्यात विचारले. त्याचे उत्तर मी त्याच्या आजोबांना द्यायला हवे होते, त्या मार्च महिन्यात. आज त्याला देतो : शिक, बाळा. आणि कागद घेऊन कोणी तुझ्याकडे आला तर त्याला "उद्या या" म्हणू नकोस.



जय भीम.