गोधडीचा गोट किती रुंद असावा?

इगतपुरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गोधड्यांना ऊन मिळत नाही. पाऊस ओसरून घटस्थापना जवळ आली, की घरोघरची अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. पाणी पिऊन जड झालेली गोधडी दोघीजणी दोन टोकांना धरून पिळतात. सगळा ताण कडेवर येतो. मधला धावदोरा शाबूत असताना कड विरते ती यामुळे.

या कडेवर दुमडून लावायच्या पट्टीची, म्हणजे गोटाची, रुंदी ठरवताना आधी गोधडीची जाडी बघावी, शोभा नंतर. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर एकावर एक दाबून समजा पाव इंच भरले. गोट दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा इंच दिसायला हवा असेल, तर एकेरी पट्टीला अर्धा इंच चार वेळा आणि जाडीचा पाव, म्हणजे सव्वादोन इंच कापड लागतं. पट्टी मधोमध दुमडून दुहेरी लावायची, तर अर्धा इंच सहा वेळा आणि जाडी दोनदा: साडेतीन इंच. जाडी हिशेबात धरली नाही तर पट्टी मागे पुरत नाही, ताणून शिवावी लागते आणि कड गोळा होते.

इगतपुरीच्या हवेत दुहेरीच बरी. वरचा पदर झिजला तरी आतला टिकून राहतो. पण हौसेखातर दोन इंच रुंद गोट नको; तेवढा भाग लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

लांबीची चिंता नसते. पाच बाय सात फुटांच्या गोधडीचा घेर 24 फूट, नऊवारी लुगडं 27 फूट. लांबीतून फाडलेली एकच पट्टी चारही बाजूंना पुरते, कोपऱ्यांना आणि जोडाला तीन फूट उरतात. काठ मजबूत असेल तर त्याचाच गोट करावा. नवं सुती कापड मात्र कापण्याआधी धुवावं, नाहीतर गोट आटून गोधडीला चुण्या पडतात. गोल कोपऱ्यांना उरेब पट्टी हवी.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजातल्या बायकांची गोधडी, म्हणजे कवंदी, मात्र वेगळी. त्या कडा आत दुमडून कडेपासून मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. वेगळा गोट लागतच नाही.

घरातल्या एखाद्या गोधडीची कड विरली असेल, तर ती टाकून देऊ नका. तेवढा गोट उसवा, जाडी मोजा आणि नवी दुहेरी पट्टी लावा.