तारखांची वकिली
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

भूमिवापर आणि पर्यावरण या क्षेत्रांतील वकिली निसर्गप्रेमापेक्षा तारखा, मोजणीच्या रेषा आणि जमिनीचे उतारे यांवर अधिक चालते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असून, त्यासाठी गोव्यातील ॲड. नॉर्मा अल्वारिस यांची कारकीर्द समोर ठेवली आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोवा फाउंडेशन’च्या अनेक जनहित याचिका त्यांनी उच्च न्यायालयात चालवल्या आणि २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; जनहित याचिका म्हणजे काय, हे या श्रोत्यांना समजावणे उद्धटपणाचे ठरेल.

किनारा नियमन क्षेत्राच्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाचे पाणी जिथवर चढते त्या रेषेपासून, ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातील पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम वर्ज्य ठरवले. त्यामुळे वाद सौंदर्याचा न राहता फुटपट्टीचा झाला. हॉटेलवाल्याच्या नकाशात समुद्र नेहमीच थोडा मागे सरकलेला असतो. (हशा)

खाणींचा उल्लेख येथे ओझरताच करायचा होता; परंतु पोर्तुगीजकालीन कायमस्वरूपी खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे, म्हणजे ठराविक मुदतीचे भाडेपट्टे, झाले, त्या कायद्याला २३ मे १९८७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेथून सहा महिन्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला सरली आणि नूतनीकरणाची कमाल वीस वर्षे २२ नोव्हेंबर २००७ ला संपली, हा हिशेब इतका सुबक आहे की तो अर्धवट सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी हाच हिशेब मान्य करून त्या तारखेनंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले.

ट्रकवाल्यांनी आणि बार्जवाल्यांनी खायचे काय, अशी कुजबुज मागच्या रांगांतून ऐकू येत आहे आणि ती अनाठायी नाही. तथापि त्या निकालाने खाणी कायमच्या बंद केल्या नव्हत्या, उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घालून विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांच्या निधीसाठी राखण्यास सांगितले होते. नवे पट्टे देण्याऐवजी शासनाने जुन्यांचेच नूतनीकरण केले, ८८ पट्ट्यांचे ते नूतनीकरण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्चमध्ये काम थांबले. त्याचे खापर गोवा फाउंडेशनसारख्या याचिकाकर्त्यांवर फोडणे म्हणजे पंचांग सांगणाऱ्याला ग्रहणासाठी दोषी धरणे होय.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले असल्याने, जनआंदोलनानंतर २००७ च्या जानेवारीत मागे घेतला गेलेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ आणि शेतजमिनीवर वसाहतीचा रंग चढवण्याची त्यातील रीत हा विषय, जो खरे तर आजचा मुख्य विषय होता, प्रश्नोत्तरांकडे सोपवावा लागत आहे.