संकेतांक बदलतो, रोग नव्हे



कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? त्याच वेळी नोंदणी कक्षात त्या निदानाला एक संकेतांक मिळतो आणि तो रुग्ण समाजाच्या हिशेबात येतो. उपचार केंद्र कोठे हवे, तंबाखूविरोधी प्रबोधन कोठे करावे, हे ठरवताना याच नोंदींचा आधार घेतला जातो. म्हणूनच संकेतांकांची पद्धत बदलणे ही निव्वळ कारकुनी बाब नव्हे.

देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. तेव्हापासून रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या अनेक आवृत्त्या आल्या. गालाच्या आतील अस्तराचा कर्करोग नवव्या आवृत्तीत १४५.० होता, १९९० साली स्वीकारलेल्या दहाव्या आवृत्तीत तो सी०६.० झाला. येथे केवळ खूण बदलली. सर्वत्र असे होत नाही. अर्बुदांच्या स्वतंत्र वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २००० साली आली. तिने पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्तविकार कर्करोगांत घेतला आणि अंडाशयाच्या काही सीमावर्ती गाठी त्यातून वगळल्या. एका रोगाचा आकडा त्यामुळे वाढतो, दुसऱ्याचा घटतो. रुग्ण मात्र तेच असतात. हे ध्यानात न घेता जो आलेख वाचेल, तो साथ नसताना साथ पाहील आणि यश नसताना यश मानील.

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीतील सी५० हा संकेतांक कर्करोग स्तनाचा आहे एवढेच सांगतो. पेशींचा प्रकार सांगत नाही. अकरावीत तो प्रकारही संकेतांकातच व्यक्त होतो. बारकावा वाढला, तशी नोंद करणाऱ्याची जबाबदारीही वाढली.

या संक्रमणात तीन पथ्ये पाळावीत. काही काळ प्रत्येक नोंद जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी करावी, म्हणजे आकड्यांतील फरक कशामुळे पडला हे कळेल. विकृतिशास्त्रज्ञाचा मूळ अहवाल शब्दशः जपावा. आणि वैद्यांनी निदान नेमके लिहावे. नुसते ‘तोंडाचा कर्करोग’ लिहिले, तर नोंद सी०६.९, म्हणजे ‘स्थान अनिर्दिष्ट’, अशी होते. गाल की हिरडी, हे एकदा हरवले की कोणतीही नवी पद्धत ते परत आणू शकत नाही.

प्रत्येक संकेतांकामागे एक माणूस आणि त्याचे कुटुंब आहे. त्यांचे दुःख अचूक मोजले गेले, तरच त्यावरचा उपाय योग्य दारी पोहोचेल.