वाफेचा वारसा आणि सुट्या भागांची देवघेव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वाफेच्या इंजिनांविषयी बोलण्याचा मनोदय आम्ही कळविला, तेव्हा संयोजकांपैकी काहींना आश्चर्य वाटले. संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा बृहन्महाराष्ट्राचे प्रश्न हे अशा प्रसंगीचे रूढ विषय होत. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, तिला एक प्रश्न स्वतःस विचारावाच लागतो : जुने जपावयाचे म्हणजे नेमके काय जपावयाचे, आणि ते एकट्याने जपता येते काय? या प्रश्नाचा विचार शिकवणारा इंजिनाइतका रोखठोक गुरू आम्हांस दुसरा आढळला नाही. शिवाय आपण राहतो ते लखनौ. लखनौ-कानपूर लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. चारबागचे स्थानक आणि त्यामागचा इंजिनांचा कारखाना यांनी या नगराच्या कित्येक पिढ्यांना भाकर दिली. आपल्यापैकी अनेक घराणी येथे आली ती याच गाड्यांतून.

मराठी माणसाचे या यंत्राशी नाते फार जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ३४ किलोमीटरांची वाट. या उपक्रमामागे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या दूरदृष्टीच्या पुरुषाचे बळ होते. गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान ही शाळकरी मुलेही सांगतात. पण ती इंजिने आज कोठे आहेत? त्यांतले एकही उरलेले नाही. आशिया खंडातील आगगाडीच्या युगाचा प्रारंभ ज्यांनी केला, त्यांचा एखादा दट्ट्या वा चाकही आपण दाखवू शकत नाही. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये ही नावे पुढे दुसऱ्याच इंजिनांना देण्यात आली. नाव राहिले, वस्तू गेली. वारसा हरवतो तो असाच. हरवताना त्याचा आवाज होत नाही.

वाफेचा अस्तकाळही पाहता पाहता आला. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात वाफेची २,३५१ इंजिने बांधली आणि मग ते काम कायमचे थांबविले. ब्रॉडगेजवरील वाफेची नित्याची वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली. त्यानंतर बहुतेक इंजिने भंगारात गेली, काही संग्रहालयांत विसावली, तर काही स्थानकांच्या अंगणात चौथऱ्यांवर चढली. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले, हे त्यातल्या त्यात भाग्य. तेथे अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली पूर्णतः भारतात घडलेले एफ-७३४ हे इंजिन पाहावयास मिळते. आपल्या शेजारच्या गोरखपुरातही १८७४ सालचे ‘लॉर्ड लॉरेन्स’ जपून ठेवलेले आहे.

परंतु इंजिन ही मूर्ती नव्हे. मूर्ती देव्हाऱ्यात बसली की तिचे कार्य पूर्ण होते. इंजिनाचे सत्त्व चालण्यात आहे. ज्यांनी ते कधी चालताना पाहिले नाही, त्यांना चौथऱ्यावरचे इंजिन म्हणजे काळ्या रंगाचे लोखंड वाटते. आणि चालवावयाचे म्हटले की झीज आली. बॉयलरच्या नळ्या गंजतात, भट्टीच्या भिंतींना धरून ठेवणारे शेकडो स्टे तुटतात, दट्ट्यांची कडी झिजतात, आसांखालचे पितळी बेअरिंग तापून खराब होते. बॉयलरच्या भट्टीच्या छतात शिशाचा एक छोटा बूच असतो. आतले पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटून फायरमनला इशारा देते. एवढासा तो बूच, पण तो विश्वासाचा नसेल तर गाडी हलविणे हा गुन्हा ठरेल. डब्ल्यूपी इंजिनाच्या बॉयलरात दर चौरस इंचास २१० पौंड दाब असतो. येथे हौसेला नव्हे, फक्त चोख कामाला स्थान आहे.

हे भाग आणावयाचे कोठून? बाजारात ते मिळत नाहीत. येथे लखनौच्या एका संस्थेचे स्मरण होते. मध्यवर्ती प्रमाण कार्यालय १९३० साली स्थापन झाले आणि रेल्वेचे संशोधन केंद्र १९५२ साली लखनौस आले. या दोहोंच्या मिलाफातून १९५७ साली आजची आर. डी. एस. ओ. उभी राहिली. ज्या वसाहतीत ती आहे, तिचे नावच मानकनगर. पूर्वी प्रत्येक कंपनीचे इंजिन वेगळे, आराखडा वेगळा, बोल्टची आटीसुद्धा वेगळी. प्रमाणीकरणाने ही अनागोंदी मोडली. प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपी वर्गाची ७५५ आणि मालगाड्यांच्या डब्ल्यूजी वर्गाची २,४५० इंजिने बांधली गेली. दोघांचे काम वेगळे, चाकांची मांडणी वेगळी. पण बॉयलरसह अनेक भाग समान. मीटरगेजवरील वायपी आणि वायजी यांचे नातेही भावाभावांचेच. म्हणून एका गावी डब्ल्यूपी चालवावयाची असेल, तर दुसऱ्या गावी चौथऱ्यावर उभी असलेली डब्ल्यूजी तिला हात देऊ शकते. प्रमाणीकरण करणाऱ्यांच्या मनात काटकसर होती. त्यांनी नकळत भावी संरक्षकांसाठी पुंजी ठेवली.

मात्र येथे एक धर्मसंकट उभे राहते. चालत्या इंजिनासाठी उभ्या इंजिनाचा भाग काढावा काय? काहींच्या मते तो वारशाचा अंगच्छेद होय. आम्हांस हे मत आदरणीय वाटते, तथापि पूर्णतः मान्य नाही. दुर्मिळ, एकमेव इंजिनास हात लावू नये, हे निर्विवाद. पण ज्या वर्गाची अनेक इंजिने पावसात गंजत उभी आहेत, तेथे एखाद्या पंपाला चालत्या इंजिनात जागा देणे हे दानच होय. अट एवढीच की काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद व्हावी, त्याजागी प्रतिकृती बसवावी आणि तो भाग कोणाकडे गेला हे कागदावर राहावे. नोंद असेल तर ती देवघेव. नोंद नसेल तर ती लूट.

लुटीचे उदाहरणही दूरचे नाही. १८५५ साली लीड्स येथे घडलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली पुन्हा धावू लागली आणि जगातील सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून तिची नोंद झाली. पुढे २०११ च्या सुमारास भंगारचोरांनी तिचे भाग पळविले. ते सारे पेरांबूरच्या कारखान्यात नव्याने घडवावे लागले, तेव्हा कोठे ती पुन्हा उभी राहिली. चोराने पितळेचे वजन मोजले. कारागिराला मात्र त्या पितळेचा आकार मोजून पुन्हा घडवावा लागला.

देवघेवीला मर्यादाही असतात, हे आपल्या माथेरानने दाखविले आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली ही दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी ओरेनस्टाइन आणि कॉपेल या जर्मन कंपनीची चार इंजिने आली. तीव्र वळणांवर आस किंचित वळावेत, अशी त्यांची खास रचना होती. दार्जिलिंगची गाडीही दोन फुटीच. तिची बी वर्गाची चौतीस इंजिने १८८९ ते १९२७ या काळात तयार झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांपैकी ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणण्यात आले. रुळांचे अंतर एक, म्हणून पाहुणा रुळांवर उभा राहू शकला. पण दोघांचे आस वेगळे, आतली घडण वेगळी. एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या कामाचा नाही. रूळ जुळले म्हणजे इंजिने जुळली असे नव्हे. म्हणूनच कोणाचे काय कोणास बसते, याची सूची हवी.

याच संदर्भात एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे नाव घ्यावयास हवे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांची कामगिरी. अडीच फुटी मार्गावर डबे आणि इंजिने यांच्या आसांवरील भार समान व काटेकोर राखला, तर हलक्या रुळांवरूनही मोठा माल वाहता येतो, हे त्यांनी बार्शीत सिद्ध केले. ती वाट आता ब्रॉडगेज झाली. तिचा कुर्डुवाडीचा कारखाना मात्र टिकला आणि माथेरानच्या डब्यांची दुरुस्ती तेथे होत आली. वारीच्या वाटेवरचा कारखाना डोंगरावरच्या गाडीस आधार देतो, हीच देवघेवीची खरी रीत.

जेथे जुना भाग मिळतच नाही, तेथे नवा घडवावा लागतो. तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने नीलगिरीच्या दात्यांच्या मार्गासाठी वाफेची नवी इंजिने बांधली आहेत. इंग्लंडात तर याहून नवल घडले. ज्या वर्गाची सर्व ४९ इंजिने भंगारात गेली होती, त्यातील पन्नासावे, ‘टॉर्नेडो’, लोकवर्गणीतून २००८ साली पूर्ण झाले. त्याचा बॉयलर जर्मनीतील माइनिंगेनच्या कारखान्यात तयार झाला. वेल्समधील बॅरी येथील एका भंगारवाल्याच्या आवारातून हौशी मंडळींनी २१३ इंजिने सोडवून आणली. आराखडे शाबूत होते, म्हणूनच ‘टॉर्नेडो’ साकार झाले.

आराखडा म्हटला की या नगरात आम्हांस पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. मुंबईच्या या वकिलाने हिंदुस्थानभर हिंडून घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेतून सर्वांस खुल्या केल्या. त्यांच्या प्रयत्नातून १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे. स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो खराही आहे. कागदावरची बंदिश गळ्यात उतरण्यास गुरू लागतो. पण कागदच नसता तर कित्येक बंदिशी गुरूबरोबरच निघून गेल्या असत्या. इंजिनाचेही असेच आहे. आराखडा ही त्याची स्वरलिपी, आणि फिटर, बॉयलरमेकर, फायरमन हे त्याचे गवई. हातोड्याच्या ठोक्यावरून सैल रिव्हेट ओळखणारा कान कोणत्याही नकाशात उतरत नाही. असे कान आता थोडे उरले आहेत आणि ते वृद्ध झाले आहेत. म्हणून या विषयास घाई आहे.

यास्तव आमच्या विनंत्या तीन आहेत. पहिली : देशातील डोंगरी गाड्या, संग्रहालये आणि जुने कारखाने यांनी सुट्या भागांची, ओतकामाच्या साच्यांची आणि आराखड्यांची एकच सामाईक सूची करावी. दुसरी : निवृत्त कारागिरांच्या हाताखाली तरुण मुलांनी उमेदवारी करावी आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. तिसरी विनंती आपणांसच आहे. आपल्या घरांतील जुन्या ट्रंकांत आजोबांच्या, मामांच्या वह्या असतील. शेडमधील नोंदी, मोजमापे, छायाचित्रे असतील. घर बदलताना ती रद्दीत जाऊ देऊ नका. ती मंडळाकडे द्यावीत. मंडळ त्यांच्या प्रती काढून योग्य संग्रहालयाकडे पोचवील, एवढा संकल्प या वर्षी व्हावा.

महाराष्ट्रापासून दूर राहून आपण एक गोष्ट शिकलो. कोणाकडे पूजेची पोथी होती, कोणाकडे नाटकाची वही, कोणास उकडीच्या मोदकांची रीत ठाऊक होती, कोणास लेझीम. एका घरी सारे नव्हते. एकमेकांकडून घेतले, एकमेकांस दिले, आणि गणेशोत्सव पन्नास वर्षे चालत राहिला. उभे ठेवलेले टिकत नाही. चालविलेले टिकते, आणि ते वाटून घेतले तरच चालते. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या हार्दिक शुभेच्छा.