व्यसनमुक्ति व कुटुंबाचें कर्तव्य

(ज्युबिलीनिमित्त स्वारगेट येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदसमयीं व्यसनासारखा दुःखाचा विषय कां, असें आपणांस वाटेल. परंतु हें दुःख ज्या घरांत आहे, तेथें उत्सवाचा दिवा पोंचत नाहीं. म्हणून बोलणें प्राप्त आहे.

मुंबईस फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं ‘कृपा फाउंडेशन’ काढिलें. पुण्यांत गर्दनें तरुणांस ग्रासलें असतां डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें, १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. कारण एक माणूस व्यसनी झाला म्हणजे सारें घर आजारी पडतें, आणि उपचारही साऱ्या घरास हवा. स्वारगेटहून येरवड्यास मुक्तांगण फार दूर नाहीं. तरी लाजेपायीं तेवढी वाट चालण्यास कित्येक कुटुंबांना वर्षें लागतात.

तर कुटुंबानें काय करावें? प्रथम, झांकणें सोडावें. पत्नी कचेरींत तापाचा निरोप धाडते, आई गुत्त्याची उधारी फेडते. हेतु प्रेमाचा, परंतु फळ असें कीं, आपल्या कृत्याचा चटका त्याला कधीं बसतच नाहीं.

दुसरें, जेवणांत चोरून औषध घालूं नये. ‘डायसल्फिराम’ पोटांत असतां दारू घेतल्यास रक्तदाब उतरून जीवावर बेतूं शकतें. तें रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाचें असतें. तसेंच, अति पिणाऱ्यास घरीं कोंडून दारू एकदम तोडूं नये. झटके येतात, भ्रम होतो. त्यास रुग्णालयांत न्यावें.

तिसरें, तो बरा होऊन परतल्यावर जुनीं पापें ताटावर वाढूं नयेत. पुनः पाय घसरला तरी उपचार व्यर्थ गेला असें न समजतां त्यास त्वरित परत न्यावें.

आणि भगिनींनो, मार सोसणें म्हणजे क्षमा नव्हे. प्रथम आपला व लेंकरांचा जीव सुरक्षित ठेवा.

उधळ्या पुत्राचा दाखला आठवा. पित्यानें दूरदेशीं त्याचें कर्ज फेडावयास पैसे धाडिले नाहींत. परंतु तो परततांना दिसतांच धांवत जाऊन त्यास मिठी मारिली. त्या पित्याचें हें दुहेरी प्रेम आपल्या घराघरांत नांदो, हेंच पवित्र कुटुंबाच्या चरणीं मागणें.