टोलनाक्यावरची वही

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संक्षिप्त मजकूर)



आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीच्या काचेला चिकटवलेली आहे. तळहातात मावेल एवढी पांढरी डबी, ई-झेडपास. एकदा लावली की आपण तिला विसरून जातो.

मी न्यू जर्सीत आलो तेव्हा टर्नपाइकवर तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना खिडकीतल्या माणसाला पैसे द्यायचे आणि पुढे निघायचं, अशी पद्धत होती. सुट्टीच्या दिवशी रांगेत अर्धा अर्धा तास जायचा. ई-झेडपास न्यूयॉर्क राज्यात १९९३ साली सुरू झाला आणि हळूहळू शेजारच्या राज्यांनीही घेतला. रांगा गेल्या, गॅस वाचला. तेव्हा मी तंत्रज्ञानाला शिव्या घालायला उभा राहिलेलो नाही. माझं पोट त्याच्यावरच चालतं.

पण खिडकीतल्या त्या माणसाला मी कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्याला त्याची गरजही नव्हती. डबीला मात्र ठाऊक आहे. कुठली गाडी, कुठल्या लेनमधून, किती वाजून किती मिनिटांनी गेली हे सगळं माझ्या नावावर लिहिलं जातं.

आता एक घरची गोष्ट सांगतो. मुलीची परवानगी घेऊनच सांगतो आहे. तिला लायसन्स मिळून सहा-सात महिने झाले होते. महिन्याचं स्टेटमेंट बघताना मला एक नोंद दिसली. दुपारी तीन वाजता टर्नपाइकची १६-ई एक्झिट आणि थोड्या वेळाने लिंकन टनेल. त्या दिवशी ती एडिसनच्या लायब्ररीत होती, निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि वकिलासारखे प्रश्न विचारायला लागलो. ती गप्प. शेवटी रडत म्हणाली, "बाबा, मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन होतं. आपल्या लोकांत बोलबाला नको म्हणून तिने कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं."

मित्रहो, नोंद अगदी खरी होती. माझा निष्कर्ष मात्र सपशेल खोटा. गाडी कुठे गेली हे यंत्र सांगतं, ती का गेली हे सांगत नाही. आणि "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?" हा जो प्रश्न आपण नेहमी ऐकतो, त्याचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. माझ्या मुलीकडे स्वतःचं लपवण्यासारखं काहीच नव्हतं. ती दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांभाळत होती.

मी बाप आहे, माफी मागून मोकळा झालो. पण हीच वही वकिलाच्या, पोलिसाच्या किंवा विमा कंपनीच्या हातात पडली तर? ही कल्पना नाही. टोलच्या नोंदी कोर्टाच्या आदेशावरून घटस्फोटाच्या खटल्यांत वापरल्या जातात, हे २००७ सालीच वर्तमानपत्रांत आलं होतं. न्यूयॉर्क शहरात टोल नसलेल्या रस्त्यांवरही ही डबी वाचणारी यंत्रं बसवली होती, वाहतुकीचा वेग मोजण्यासाठी. ते लोकांपुढे नीट आलं २०१५ मध्ये, एका नागरी हक्क संघटनेने कागदपत्रं मागवल्यावर. २०२४ मध्ये तर असं उघडकीला आलं की जनरल मोटर्स आपल्या ग्राहकांच्या गाडी चालवण्याची माहिती, म्हणजे वेग, अचानक मारलेले ब्रेक वगैरे, डेटा विकणाऱ्या कंपन्यांना देत होती आणि तिथून ती विमा कंपन्यांपर्यंत जात होती. बऱ्याच ग्राहकांना आपण कधी होकार दिला हेही आठवत नव्हतं.

कायदा मागून येतो, पण येतो. २०१२ मध्ये जोन्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाडीला जीपीएस लावून पाळत ठेवणं ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली झडतीच आहे. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात मोबाइल टॉवरच्या जुन्या नोंदी मिळवायलाही पोलिसांना साधारणपणे वॉरंट हवं, असा निकाल लागला, तोही पाच विरुद्ध चार अशा मतांनी. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निकाल उलटा लागला असता!

दुसरा मुद्दा पैशाचा. जून २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकने नाक्यांवरची रोख वसुली कायमची बंद केली आणि सुमारे ५०० लोकांची नोकरी गेली. हे व्हायचंच होतं, पण २०२२ च्या सुरुवातीला. ते दीड वर्ष आधी झालं. आपण सॉफ्टवेअरवाले त्याला 'एफिशियन्सी' म्हणतो. आणि ज्याच्याकडे बँकेचं खातं नाही, कार्ड नाही, त्याच्या घरी टोलचं बिल टपालाने येतं, तेही चढ्या दराने. म्हणजे ज्याच्या खिशात कमी, त्यानेच जास्त भरायचं.

भारतातही तेच चाललं आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टॅग नसेल तर तेव्हा दुप्पट टोल भरावा लागे. माझा भाऊ मुंबईहून पुण्याला निघाला की वहिनीच्या फोनवर मेसेज येतो, 'खालापूर'. ती हिशोबाने कुकर लावते. किती छान! पण हाच मेसेज संशयी नवऱ्याच्या फोनवर, बायको माहेरी निघाल्यावर, येत असेल तर? सोय तीच, यंत्रही तेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. हक्क दिला खरा, पण किल्ली सरकारकडेच राहिली.

मग डबी काढून फेकायची का? नाही. मीही फेकलेली नाही. पण या खोलीत बसलेल्यांपैकी निम्मे लोक अशाच सिस्टिम्स बांधतात, म्हणून तुमच्याशी एक कामाची गोष्ट बोलतो. वीस वर्षांत मी कितीतरी डिझाइन मीटिंगना बसलो. डेटा कसा साठवायचा, बॅकअप किती घ्यायचे, यावर तासन्‌तास चर्चा झाली. तो पुसायचा कधी, हे मला एकाही ग्राहकाने विचारलेलं नाही. मीही कधी विचारलं नाही. साठवणं स्वस्त आहे, पुसण्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो, इतकं साधं कारण. पुट्टस्वामी किंवा कार्पेंटरपर्यंत जाण्याआधीचा निर्णय आपल्यासारख्यांच्या टेबलावर असा न बोलता होऊन जातो.

टोल भरला, तक्रार करायची मुदत संपली की त्या नोंदीचं काम संपलं. त्यानंतर ती ठेवायचीच असेल तर का ठेवायची, याचं उत्तर ठेवणाऱ्याने द्यावं. पुढच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा. आणि आपल्या विधानसभेतल्या प्रतिनिधीला पत्र लिहून टोलच्या नोंदी किती दिवस ठेवतात आणि कोणाला देतात, हेही विचारा. आपण इथे कर भरतो, अनेकजण मतही देतो. तेवढा हक्क आपल्याला आहे.

माझ्या घरी आता स्टेटमेंट येतं तेव्हा मी फक्त खालची बेरीज बघतो. वरच्या ओळी वाचत नाही. मुलीला तसा शब्द दिला आहे.